पोराचं लक्ष नव्हतं

चाऱ्याची कुट्टी करायच्या मशीनवर अण्णांनी पोतं टाकलं होतं, आणि ते उचलायची घरात कुणाची छाती होत नव्हती. मशीन होतं गोठ्याच्या तोंडाशीच, येताजाता अंगाला घासेल असं. पोतं टाकल्याने ते दिसायचं थांबलं नव्हतं, उलट आता आधी तेच दिसायचं.

चारा विळ्याने तोडावा लागत होता. सकाळी दूध काढून झालं की अण्णा आणि बगळ्याची आई गोठ्याच्या दाराशी उकिडवे बसायचे, धाटांची पेंढी पायाखाली दाबायचे आणि कापत सुटायचे. दुपारपर्यंत अण्णांची कंबर धरायची. आईच्या तळहाताला फोड यायचे, फुटायचे, पुन्हा तिथंच यायचे. गाईंना बारीक कुट्टीची सवय. त्या लांब धाटं नाकाने उडवून पायाखाली घालायच्या आणि वर मालकाकडेच रागाने बघायच्या. पाऊस नीट झाला नव्हता, चारा मोजकाच होता आणि त्यातला निम्मा शेणात जात होता. एका बटणाचं काम, पण बटणाचं नाव घरात निघत नव्हतं.

बगळ्या हे पोराचं शाळेतलं नाव. नववीत होता. उंच, पायांच्या नुसत्या काड्या, आणि व्हॉलीबॉलच्या जाळ्याशी एका पायावर उभं राहून चेंडूची वाट बघायची खोड. नाव शाळेत चिकटलं आणि त्याच्या मागोमाग घरी आलं.

झालं होतं ते असं. मशीनमध्ये चारा अडकला म्हणून अण्णांनी ते बंद केलं. अडकलेली धाटं काढायला बगळ्याने उजवा हात आत घातला. तेवढ्यात दूधगाडीच्या ड्रायव्हरचा फोन आला, कालचं दूध डेअरीने परत पाठवलं म्हणून. अण्णा तापट. फोनवर त्यांचा आवाज चढत गेला, आणि बोलता बोलता, दुसरीकडेच बघत, रोजच्या सवयीने त्यांचा अंगठा हिरव्या बटणावर गेला. बगळ्याच्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

आई तेव्हा शेतात होती, अण्णांची थोरली बहीण, घरातली आत्या, आत आडवी झाली होती. बघायला तिथं दोघंच, एक बाप आणि एक मुलगा.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, कसं झालं? अण्णांच्या सदऱ्यावर रक्त सुकलेलं. ते म्हणाले, "पोराचं लक्ष नव्हतं." बगळ्या तिथंच खाटेवर जागा होता. त्याने बापाकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मग पाहुणे आले, त्यांनी विचारलं. शेजारी आले, दूधगाडीवाला आला, हेडमास्तर येऊन गेले. प्रत्येकाला अण्णांनी तेच सांगितलं, आणि सांगून सांगून ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं की आता ते विचारायच्या आधीच बाहेर पडायचं. बगळ्याने ते एकदाही खोडलं नाही.

जखम भरली. डॉक्टर म्हणाले, शाळेत जाऊ दे. पण पोरगा खाटेवरून उठेना. जेवणाच्या ताटावर डाव्या हाताने चार घास इकडेतिकडे करायचा आणि ताट सरकवायचा. काही विचारलं तर "हं." जास्त विचारलं तर तेही नाही. एकदा आईने त्याचं डोकं विंचरायला घेतलं तेव्हा तो अगदी सहज, पाण्याचा तांब्या मागावा तसं म्हणाला, "आई, मी नसतो तर तुमचं काम सोपं झालं असतं."

आईच्या हातातली फणी तिथंच थांबली. त्या दिवशी तिने गोचिडांच्या औषधाचा डबा उचलून शेजारणीच्या घरी नेऊन ठेवला. गोठ्यातले दोर सोडून पेटीत घातले, पेटीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला. गाईंना ती आता साखळीने बांधायची. अण्णांनी हे सगळं बघितलं आणि एका शब्दाने विचारलं नाही. दिवसातून कितीदा तरी ती खोलीत डोकवायची, कधी सुपाच्या निमित्ताने, कधी घोंगडीच्या. खरं निमित्त एकच, पोरगा श्वास घेतोय की नाही हे बघणं.

भूगोलाच्या बाई आल्या त्या दुपारी दोघं चाराच कापत होते. बाईंच्या मागे गिरणीवाल्याची पोर होती. बगळ्याच्या वर्गातली, आवाज असा खणखणीत की शाळेत तिला भोंगा म्हणत. तिलाही त्याचं काही वाटत नसावं, कारण हाक मारली की ती ओ द्यायची.

बाई चाऱ्याच्या पेंढीवरच टेकल्या. म्हणाल्या, शाळेत मुलांनी एक क्लब काढलाय, सोबती क्लब. शनिवारी शाळा सुटल्यावर बसतात. कुणाला अभ्यासाची धास्ती, कुणाला घरची काळजी, कुणाला कुणी चिडवतं. एकमेकांचं ऐकून घेतात, झेपत नसेल तर मोठ्यांना सांगतात.

"म्हणजे रडायला शिकवता," अण्णा म्हणाले. विळा थांबला नाही.

"रडायला कुणी कशाला शिकवायला लागतंय काका," भोंगा म्हणाली, "ते येतंच सगळ्यांना."

"हिला तोंड बरंच आहे."

"गिरणीत वाढलेय ना. बारीक बोललं तर घरात कुणाला ऐकूच जात नाही."

आत्या ओट्यावरून हसली. अण्णा नाही हसले.

बाईंनी आईला जरा बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सरळच विचारलं, "तो जिवाबद्दल काही बोलला का कधी?" इतके दिवस हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. तिने पदर तोंडाशी धरला आणि मान हलवली. डब्याचं सांगितलं, दोरांचं सांगितलं.

"चांगलं केलंत," बाई म्हणाल्या. "पण ताई, हे मला किंवा मुलांना एकट्याने पेलायचं नाही. मोठ्या दवाखान्यात अशा मुलांशी बोलणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत. मी येते तुमच्याबरोबर."

अण्णांचे कान तिकडेच होते. "वेडा नाही माझा पोरगा!" ते ओरडले. "लक्ष नव्हतं त्याचं म्हणून हात गेला. होतं असं. होईल बरा."

आत खोलीत खाट करकरली.

तोवर भोंगा खोलीच्या दारापर्यंत जाऊन उभी राहिली होती. आत गेली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "बगळ्या, सोमवारी ये. शेवटच्या बाकावर बस. कुणी काही विचारणार नाही, शप्पथ."

 मग आतून आवाज आला, "येतो."

आईला वाटलं आपल्यालाच भास झाला.

सोमवारी ती त्याच्याबरोबर गेली. शाळेच्या फाटकापर्यंत सोडून परत फिरायचं ठरलं होतं. बगळ्याने हात खिशात घातला होता, तो त्याने सबंध रस्ताभर काढला नाही. फाटकाशी पोचले तर मैदानात सगळी शाळा रांगेत उभी. व्यासपीठावर खुर्ची, खुर्चीपुढे माइक, माइकच्या मागे कापडी फलक आणि त्यावर मोठ्या अक्षरात स्वागत. आईला आधी कळलंच नाही हे कुणाचं. बगळ्याला कळलं. त्याची पावलं जागच्या जागी थांबली. पण तोवर दोन पोरांनी त्याला दोन्हीकडून प्रेमाने धरलं होतं आणि वर नेऊन खुर्चीवर बसवलं होतं.

बाई घाईघाईने आईजवळ आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "मी नको म्हणत होते," त्या म्हणाल्या. "हेडमास्तरांच्या कानावर गेलं आणि त्यांनी कार्यक्रमच केला. मुलांनाही वाटलं, काहीतरी दणदणीत करू."

हेडमास्तर मनाने वाईट माणूस नव्हता. माइक दिसला की मात्र त्याला राहवत नसे. त्याने धैर्यावर सांगितलं, जिद्दीवर सांगितलं, आणि मग मुलांकडे बोट करून म्हणाला, "आणि यातून आपण काय शिकायचं? यंत्रावर काम करताना एका क्षणाचं दुर्लक्ष केवढ्याला पडतं! आपल्या या मित्राचं लक्ष नव्हतं. तुमचं लक्ष असू द्या!"

बगळ्या खुर्चीत ताठ बसून होता. डोळे समोर, कुठंच नाही.

मग भोंगा पुढे आली. हे तिच्या डोक्यातून निघालं होतं. आदल्या दिवशी सबंध दुपार बसून क्लबच्या पोरांनी जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडल्या होत्या आणि सकाळी वर्गावर्गात वाटल्या होत्या. "आम्ही सगळे तुझ्यासोबत आहोत!" ती ओरडली. तिला माइकची गरज नव्हती. "हात वर!"

सगळ्या शाळेचे उजवे हात वर गेले. प्रत्येक हाताची मधली तीन बोटं मुडपून पांढऱ्या पट्टीने बांधलेली. अंगठा आणि करंगळी बाहेर. पहिलीच्या चिमुरड्यांपासून दहावीच्या मिसरूड फुटलेल्यांपर्यंत सगळे, हात हलवत. शिपायानेसुद्धा बांधली होती. टाळ्या वाजवायला गेले तर त्या बांधलेल्या हातांनी वाजेनात, नुसता फटफट आवाज झाला, आणि खालच्या वर्गातली पोरं त्याला फिदीफिदी हसली.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. केवढी माया करतात पोरं, असं वाटून तिनेही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांसाठी ती पुढे कितीतरी दिवस स्वतःला खात राहिली.

बगळ्या उठला. त्याने कुणाकडे बघितलं नाही. व्यासपीठाच्या मागच्या बाजूने उतरला, संडासांच्या भिंतीला वळसा घातला आणि दिसेनासा झाला. हेडमास्तर माइकवर म्हणाले, "भावनेचा भर आहे, साहजिक आहे." तोवर आई धावत सुटली होती.

मागच्या गल्लीत तो नव्हता. पाण्याच्या टाकीशी नव्हता. टाकीच्या शिडीकडे तिने मान वर करून बघितलं. वर कुणी नव्हतं. बाई एका बाजूला पळत होत्या, भोंगा दुसऱ्या बाजूला, हाताची पट्टी तशीच लोंबत. आईची चप्पल तुटली, ती तिथंच टाकून ती ओढ्याच्या कडेने घराकडे निघाली. काट्यातून, ढेकळांतून. तोंडाने एकच चाललं होतं, घरी असू दे, घरी असू दे.

शेताच्या बांधावर आली आणि तिला तो आवाज ऐकू आला. कुट्टीचं मशीन चालू होतं.

अपघातापासून तो आवाज त्या घरात झाला नव्हता. पलीकडच्या वावरात अण्णा मका मोडत होते, त्यांनीही ऐकला. दोघं दोन बाजूंनी धावले. अण्णा आयुष्यात असे धावले नसतील. कंबर, वय, दम, सगळं विसरून. ते आधी पोचले, भिंतीवरच्या बटणावर हाताचा पंजा आपटला आणि मग वळून बघितलं.

पोतं खाली पडलं होतं. बगळ्या मशीनपासून दोन हात लांब उभा होता, दोन्ही हात पाठीमागे बांधून. चाकाचा वेग कमी होत होता, तिकडे तो एकटक बघत होता.

"काय करत होतास?" अण्णांनी विचारलं.

"बघत होतो," बगळ्या म्हणाला. "बटण दाबल्यावर पातं फिरायला किती वेळ लागतो ते. हात काढून घेता आला असता का."

तो वळला आणि त्याने बापाच्या डोळ्यांत बघितलं. "नसता आला."

आई दारात पोचली होती. तिला वाटलं पोरगा स्वतःलाच टोचतोय. तिने त्याला पोटाशी धरलं. अण्णा जे समजायचं ते समजले. त्यांनी मशीनची वायर दोन्ही हातांनी धरून भिंतीतून हिसकली आणि ती हातात घेऊन शेणातच खाली बसले. नंतर बाई दारात आल्या तेव्हा त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. "शाळेतल्या कुणी माझ्या दारात पाय ठेवायचा नाही," एवढंच म्हणाले.

त्यानंतर बगळ्याचं "हं"सुद्धा बंद झालं.

आणि त्यातच आभाळ भरून आलं. सबंध हंगामात वेळेवर कधी आला नाही तो पाऊस आता नको तेव्हा यायच्या तयारीत होता. मक्याची कणसं मोडून अंगणात ढीग घातलेला. सोलून, वाळवून, आत घ्यायला हवी होती. भिजली तर आतून काळी पडणार, मग माणसांनाही नको आणि गाईंनाही नको. चारा संपत आला होता, मक्यावरच गाईंचं वर्ष निघायचं होतं. सोलायला माणूस मिळेना, जो तो आपापल्या ढिगाशी. अण्णा, आई आणि आत्या अशी तीन माणसं, त्यात आत्याला एका डोळ्याने कमी दिसायचं. ती सोललेलं कणीसच पुन्हा सोलायला घ्यायची आणि साल सापडत नाही म्हणून मक्यालाच शिव्या द्यायची.

भोंगा आली ती एकटीच. अण्णा गोठ्यात होते. ती अंगणाच्या कडेला उभी राहिली, आणि गंमत म्हणजे तिला आवाजच फुटेना.

"आता काय बाकी ठेवलंय?" आई म्हणाली.

"काकू, मला वाटलं त्याला एकटं वाटणार नाही." तिचे ओठ वाकडे झाले. "मी शप्पथ घेतली होती कुणी काही विचारणार नाही म्हणून. आणि मीच..."

ती तिथंच रडायला लागली, आणि रडताना हातांचं काय करावं ते न कळून ती ढिगाशी बसली आणि एक कणीस ओढून सोलायला लागली.

आत्या म्हणाली, "सोलायचं तर कोरडं सोल बाई. आधीच पावसाचं भ्या आहे."

भोंगा रडता रडता हसली. आईने तिला हाकललं नाही. खरं म्हणजे हाकलायचंच तिच्या मनात होतं, पण पोरीचे हात भराभर चालत होते आणि आभाळ खाली आलं होतं. दोघी सोलत राहिल्या. जाताना भोंगा म्हणाली, "काकू, आमचा क्लब बसतो ना, तिथं खरं तर कुणीच बोलत नाही. गोल खुर्च्या मांडतो, एकमेकांची तोंडं बघतो आणि सगळे सारखे पाणी प्यायला उठतात. उद्या शनिवार आहे. आम्ही इथं बसू का?"

"यांना काय सांगू मी?"

"क्लब म्हणून सांगू नका. मजूर म्हणून सांगा."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आठदहा पोरं आली. बाईही आल्या, पदर खोचून, सगळ्यांत मागे. अण्णा दूध काढत होते. त्यांनी गोठ्याच्या दारातून बघितलं, दाढा आवळल्या. मग आभाळाकडे बघितलं आणि परत गाईच्या पोटाशी जाऊन बसले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

भोंग्याने आधीच सगळ्यांना बजावलं होतं. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. कणसाकडे बघायचं. बोलायचं तर बोला, नाही तर सोला.

थोडा वेळ नुसती सालं फाटत होती. मग दूधगाडीच्या ड्रायव्हरचा मुलगा, जाडा, सदा हसणारा, हातातल्या कणसालाच सांगावं तसं म्हणाला, "परीक्षेच्या आधी मला उलटी होते. प्रत्येक वेळी. सगळ्यांना वाटतं मी खादाड आहे म्हणून." कुणी हसलं नाही. एकाने हळूच विचारलं, "छातीत धडधडतं?" "हो." "मलापण." सालं फाटत राहिली. एका पोरीने सांगितलं, तिला वर्गात मधेच श्वास पुरत नाही. बाई म्हणाल्या, असं झालं की मला खूण कर, आपण बाहेर जाऊन बसू, भाषण नाही देणार. मग भोंगा बोलली. तिच्या घरी आईवडील एकमेकांशी बोलत नाहीत, गेलं वर्षभर. सगळे निरोप हिच्यामार्फत, पलंगावरून चुलीपर्यंत. "घरात शांतता झाली की मला भीती वाटते," ती म्हणाली. "म्हणून मी ओरडते." हे सांगताना तिचा आवाज इतका बारीक होता की आत्याने विचारलं, कोण बोललं?

खोलीचं दार उघडं होतं. आई पाठमोरी बसली होती, पण तिचे सगळे प्राण त्या दाराकडे लागले होते. खाट करकरली. मग पाऊल वाजलं. तिने मान वळवली नाही. मान वळवली तर तो परत जाईल अशी तिला खात्रीच होती.

बगळ्या ढिगाच्या कडेला येऊन बसला. कणीस गुडघ्यांत धरलं, करंगळी आणि अंगठ्यात सालाचं टोक पकडलं. सुटलं. पुन्हा पकडलं. शेजारच्या पोराने मदतीला हात पुढे केला, तशी भोंग्याने त्याच्या घोट्यावर लाथ मारली. बगळ्याने साल दातात धरलं, डाव्या हाताने कणीस ओढलं, साल टरकन फाटलं. पहिलं कणीस ढिगात पडलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

गोठ्यात चरवीत पडणाऱ्या धारांचा आवाज थांबला होता.

अशी बरीच सोलून झाली. आभाळात एकदा गडगडलं, सगळ्यांचे हात जोरात चालायला लागले. ताडपत्री ओढून तयार ठेवली. आणि त्या घाईत ड्रायव्हरचा मुलगा अगदी साध्या मनाने बोलून गेला. उलटीचं सांगून तो मोकळा झाला होता, आता कुणाशीही काहीही बोलता येतं असं त्याला वाटत होतं.

"बगळ्या, पण तुझं लक्ष कुठं होतं रे तेव्हा?"

हात थांबले. बाईंनी डोळे मिटले. भोंगा लाथ मारायला खूप लांब बसली होती.  आता हा उठणार, आत जाणार आणि दार लावणार. आणि या वेळी आपल्या हाताला लागणार नाही, असं तिला वाटलं.

बगळ्या उठला नाही. हातातल्या कणसाकडे बघत राहिला. ते वाक्य त्याने इतक्या वेळा इतक्या तोंडांतून ऐकलं होतं. तो हळूच म्हणाला, "नव्हतं. माझं लक्ष नव्..."

"बटण मी दाबलं."

अण्णा गोठ्याच्या दारात उभे होते. हातात चरवी, चरवीत अर्धं दूध. ते पोराकडे बघत नव्हते. कुणाकडेच बघत नव्हते.

"त्याचा हात आत होता. मीच त्याला घाल म्हणालो होतो. फोनवर भांडत होतो मी. मी दाबलं बटण. लक्ष माझं नव्हतं."

आत्या म्हणाली, "अरे, काय बोलतोस?"

आई उठली. तिच्या हातात कणीस होतं, ते तिने नवऱ्याच्या अंगावर फेकून मारलं. मग दुसरं घेतलं. "दवाखान्यात," ती म्हणाली आणि फेकलं. "पाहुण्यांपुढे." फेकलं. "सगळ्या शाळेपुढे बोलला तो हेडमास्तर, आणि मी टाळ्या वाजवत होते!" अण्णा हलले नाहीत. एक कणीस छातीला लागलं, एक चरवीला, दूध सांडलं. पोरांनी माना वर केल्या नाहीत. ठरल्याप्रमाणे कणसाकडेच बघत सोलत होती बिचारी, आणि ड्रायव्हरच्या मुलाच्या नाकावरून पाणी ओघळत होतं.

बगळ्याच्या तोंडून आवाज निघाला. शब्द नव्हता. पोटातून आला, गुरासारखा. मग तो रडायला लागला, बोटं तुटली तेव्हाही रडला नव्हता असं. आई त्याच्याकडे धावली, त्याने तिला हाताने थांबवलं, त्याच हाताने. तो उभा राहिला. बापापेक्षा उंच झाला होता तो, हे आज अंगणात सगळ्यांना दिसलं.

"का नाही बोललात?"

"भ्यालो."

"कुणाला?"

अण्णांनी पहिल्यांदा वर बघितलं. "तुला," ते म्हणाले.

पहिले टपोरे थेंब ताडपत्रीवर पडले. कुणी उठलं नाही. मग बाई उठल्या, दोन पोरं उठली आणि ताडपत्री ढिगावर ओढायला लागली. तेवढ्यात बगळ्याने बाहीने नाक पुसलं.

"मी तुमच्याशी बोलणार नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता, पण मोठा होता. "आज नाही. उद्यापण नाही. सोमवारी शाळेतून आल्यावर बघू."

अण्णांनी मान हलवली. "बरं."

बगळ्या वळला आणि ताडपत्रीचं एक टोक दोन बोटांत धरून ओढायला लागला. आई पावसात तशीच उभी होती. मुलगा बापावर चिडला होता, बाप मान खाली घालून उभा होता, अर्धं दूध मातीत गेलं होतं, आणि तिच्या कानात फक्त एवढंच होतं, सोमवारी शाळेतून आल्यावर. ती मटकन खाली बसली आणि मोठमोठ्याने रडायला लागली. आत्या विचारत राहिली, आता हिला काय झालं?